बीम कुणाचं ते विचारा

प्रादेशिक अर्थशास्त्र हा विषय घेतलेले विद्यार्थी दरवर्षी भेटतात, आणि हल्ली बहुतेकांच्या आराखड्यात एक गोष्ट असतेच: अमुक जिल्ह्याची किंवा तमुक शहराची तग धरण्याची क्षमता मोजणे. करोनानंतर हा विषय फार पुढे आला. त्याचं मला मनापासून बरं वाटतं. कुठला भाग वर येतो, कुठला मागे पडतो, आणि धक्का बसल्यावर कुठलं गाव पुन्हा उभं राहतं, याइतके महत्त्वाचे प्रश्न महाराष्ट्रापुढे थोडेच आहेत. पण जवळजवळ सगळ्यांची सुरुवात निर्देशांकापासून होते. दहा-बारा आकडे घ्यायचे, त्यांना कमीजास्त भार द्यायचा, बेरीज करायची आणि जिल्ह्यांची क्रमवारी लावायची. हे काम मीही करते, ते करावंच लागतं. तरी या विषयातलं जे मला खरोखर उपयोगी पडलं, ते यंत्रमागाच्या शेडमध्ये, फाउंड्रीच्या माळ्यावर, गिरणीतून गावी परतलेल्या माणसांच्या ओसरीवर आणि ग्रंथालयातल्या जुन्या पाहण्यांमध्ये मिळालं. नव्यानं या वाटेला येणाऱ्यांसाठी त्यातलं काही लिहिते आहे.

१. आधी बीम कुणाचं ते विचारा

इचलकरंजीत पहिला यंत्रमाग १९०४ साली विठ्ठलराव दातार यांनी बसवला. जहागीरदार नारायणराव बाबासाहेब घोरपडे यांचं त्यांना पाठबळ होतं. पुढे या गावाची ओळखच माग झाली. गल्लोगल्ली शेड आणि दिवसरात्र खडखडाट, इतका की शेजारी उभ्या माणसाशी कानाजवळ तोंड नेऊन बोलावं लागतं. तिथे पाहणीला गेलं की प्रश्नावलीतला पहिला प्रश्न ठरलेला: माग किती? एका शेडचे म्हातारे मालक मला म्हणाले, ‘ताई, माग किती हे सगळेच विचारत्यात. बीम कुणाचं ते विचारा की.’

गावाचं निम्मं अर्थकारण त्या प्रश्नात आहे. व्यापारी सूत घेतो. ते वार्पिंग आणि सायझिंगमध्ये जातं, ताण्याच्या धाग्यांना खळ चढते आणि ते गुंडाळलेलं भलंमोठं बीम तयार होऊन शेडच्या दारात येतं. बीम व्यापाऱ्याचं, बाण्याचं सूत व्यापाऱ्याचं आणि विणून झालेलं कापडही त्याचंच. माग, वीज आणि कामगार मात्र शेडवाल्याचे. अशा शेडवाल्याला तिकडे खर्चीवाला म्हणतात. त्याची मजुरी पिकावर ठरते. कापडाच्या एका इंचात आडवे धागे किती, ते त्याचं पीक. समजा कापड ५२ पिकाचं आहे आणि दर पिकाला ६ पैसे, तर मीटरमागे हातात आले ३ रुपये १२ पैसे. त्यातून वीजबिल भरायचं, कामगार, बाण्याच्या कांड्या भरणारा कांडीवाला, मागाची दुरुस्ती पाहणारा जॉबर आणि हिशेब ठेवणारा दिवाणजी यांचे पगार भागवायचे, धोट्यापासून पट्ट्यापर्यंतचे सुटे भाग आणायचे आणि बँकेचा हप्ताही फेडायचा.

आता कापडाला उठाव नाही असं धरा. स्वतःचं सूत घेऊन स्वतः कापड विकणारा माल धरून ठेवतो आणि भाव आला की विकतो. व्यापारी नवीन बीम देणं थांबवतो, त्याचं भांडवल मोकळं होतं. खर्चीवाल्याचे माग थांबतात, पण हप्ता थांबत नाही. आणि बारा तासांच्या पाळीत सहा-आठ साधे माग सांभाळणारा, मीटरवर मजुरी घेणारा कामगार? त्याची कमाई त्याच दिवशी बंद होते. धक्का एकच, गावही एकच, पण सोसणारे चौघे आणि प्रत्येकाची सोसण्याची ताकद वेगळी. २०१६ ची नोटाबंदी, २०१७ चा जीएसटी, २०२० ची टाळेबंदी, या प्रत्येक वेळी मी हीच उतरंड पाहिली. सर्वांत कमी नफा घेणाऱ्याच्या डोक्यावर सर्वांत जास्त जोखीम.

म्हणून कुठल्याही गावच्या धंद्याचा अभ्यास सुरू करताना मी आधी वहीत एक साखळी काढते: कच्चा माल कुणाचा, यंत्र कुणाचं, जागा कुणाची, उधारी कुणाची. सोलापुरात घरी बसून विड्या वळणाऱ्या बाईला पान आणि तंबाखू मोजून मिळतो, पण तिची जागा, तिचा वेळ आणि तिची पाठ या गोष्टी कुणाच्याच खर्चात धरलेल्या नसतात. ही साखळी काढल्याशिवाय निर्देशांकाला हात लावू नये, असं माझं ठाम मत आहे.

२. सरकारी तक्त्यात नसलेलं गाव शोधायची सवय लावा

उद्योगांची वार्षिक पाहणी हा आपल्याकडे कारखान्यांच्या माहितीचा मोठा आधार. पण वर्षानुवर्षं तिचा पाया नोंदणी झालेले कारखाने हाच राहिला, आणि नोंदणीची मर्यादा वीज वापरत असाल तर दहा कामगार, नसाल तर वीस, अशी होती. चार-आठ मागांच्या शेडमध्ये दहा माणसं कुठून येणार? परिणाम असा की लाखो मीटर कापड विणणारं गाव त्या तक्त्यात पुसट दिसतं. आर्थिक गणना ही छोट्या उद्योगांना टिपणारी. तिची सहावी फेरी २०१३ साली सुरू झाली आणि अजूनही अनेक अभ्यास तिच्यावरच उभे आहेत. लोकसंख्येचे सविस्तर आकडे म्हणाल तर २०११ चे. एवढ्या काळात शहरांच्या कडेला नवी शहरं उभी राहिली.

अशा वेळी आडवाटेनं जावं लागतं. यंत्रमागाला सवलतीचा वीजदर असल्यामुळे त्याच्या जोडण्यांची नोंद वेगळी असते. किती जोडण्या चालू आहेत आणि युनिटं कमी झाली का, यावरून मंदीचा अंदाज बांधता येतो. गावात सायझिंग किती चालू आहेत, याची चौकशी केली तर मागांची स्थिती एका सकाळीत कळते, कारण सायझिंग थांबलं की आठवड्याभरात शेडही थांबणार. पतसंस्थांची थकबाकी बोलते. आणि मला सगळ्यांत खरी वाटलेली नोंद म्हणजे नगरपालिकेच्या शाळेतलं शाळा सोडल्याच्या दाखल्यांचं रजिस्टर. वर्षाच्या मध्येच एकदम दाखले गेले की समजावं, कामगारांची बिऱ्हाडं उठली. कुठल्या महिन्यात किती मुलं गेली आणि त्यांतली किती जूनमध्ये परत आली, हे मुख्याध्यापकांच्या कपाटात शाईनं लिहिलेलं असतं. धक्क्याची तीव्रता आणि सावरण्याचा वेग, दोन्ही त्या एका वहीत मिळतात.

३. एकक कोणतं घेतलंय ते आधी पाहा

महाराष्ट्रातला प्रादेशिक असमतोल म्हटलं की चर्चा विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र अशा तीन ठोकळ्यांत होते. १९८३ साली वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीनं जिल्हा हे एकक धरलं. रस्ते, सिंचन, ग्रामीण विद्युतीकरण, शिक्षण, आरोग्य, पाणीपुरवठा अशा एकेका क्षेत्रात राज्याची सरासरी काढायची आणि जो जिल्हा तिच्या खाली, त्याची तूट म्हणजे त्याचा अनुशेष, अशी रीत ठरवली. १९८४ च्या अहवालात एकूण अनुशेष सुमारे ३,१८७ कोटी रुपयांचा निघाला. त्यातला विदर्भाचा वाटा सुमारे ३९ टक्के आणि मराठवाड्याचा सुमारे २४. उरलेले ३७ टक्के होते उर्वरित महाराष्ट्रातले, म्हणजे ज्याला सगळे पुढारलेला समजतात त्या भागातले! कोकण आणि दुष्काळी पट्टा हे दोन्ही त्या समृद्ध सरासरीखाली झाकले गेले होते, ते जिल्हा धरल्यावर वर आले.

पण जिल्हाही मोठाच असतो. सांगली जिल्ह्यात कृष्णाकाठचा उसानं हिरवागार वाळवा आहे आणि पावसाकडे डोळे लावून बसणारा जतही आहे. दोघांची सरासरी काढली तर जो तालुका हाती लागतो, तो जमिनीवर कुठेच नाही. विजय केळकर समितीनं २०१३ च्या अहवालात तालुका हे एकक धरावं असं सुचवलं, ते मला फार मोलाचं वाटतं. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी: अनुशेष सोयींचा मोजला जातो, मिळकतीचा नाही. रस्ता झाला, शाळा झाली, वीज आली, हे सगळं हवंच. पण त्याच रस्त्यानं गावचे तरुण पुण्याला निघून गेले तर अनुशेष भरला, आणि गाव रिकामं झालं. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं, म्हणून दोन्ही मोजा. १९९४ मध्ये स्थापन झालेल्या वैधानिक विकास मंडळांची मुदत एप्रिल २०२० मध्ये संपली, तेव्हा असा हिशेब दरवर्षी मांडण्याची एक हक्काची जागा गेली, याची खंत मला आजही वाटते.

४. शहर सावरलं म्हणजे माणसं सावरली असं धरू नका

डोनाल्ड डेव्हिस आणि डेव्हिड वाइनस्टाइन यांचा २००२ चा एक शोधनिबंध आमच्या विषयात सगळे वाचतात. दुसऱ्या महायुद्धात बाँबफेकीनं उद्ध्वस्त झालेली जपानची शहरं पुढे काही दशकांत आपल्या जुन्या वाढीच्या वाटेवर परत आली, हिरोशिमा आणि नागासाकीसुद्धा, असं त्यांनी लोकसंख्येच्या आकड्यांवरून दाखवलं. निष्कर्ष थक्क करणारा आहे. पण तो शहराबद्दल आहे. मेलेल्या किंवा गाव सोडून गेलेल्या माणसांबद्दल तो काही सांगत नाही. वर्गात हा निबंध शिकवताना मी नेहमी मुंबईचं गिरणगाव त्याच्या शेजारी ठेवते.

१८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईतल्या सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. तो रीतसर मागे घेतलाच गेला नाही. संपाआधीच काही गिरण्या डबघाईला आल्या होत्या, कापड यंत्रमागांकडे सरकत होतं; संपानंतर गिरण्या एकेक करून बंद होत गेल्या. आज लोअर परळला उतरलं की काचेच्या इमारती दिसतात. पैसा, वित्तसंस्था, सेवा या कुठल्याही मापानं पाहा, मुंबई सावरली आहे. केंब्रिजचे रॉन मार्टिन यांनी २०१२ मध्ये प्रादेशिक तगीची चार अंगं मांडली: धक्क्याला तोंड देणं, त्यातून सावरणं, दिशा बदलणं आणि वाढीला नव्यानं लागणं. या चारही कसोट्यांना मुंबई उतरते. मग अडीच लाख माणसं कुठे गेली?

सातारा, कोल्हापूर आणि कोकणातल्या गावांत त्यांचा शोध घेतला तेव्हा मला या विषयाचा खरा आवाका कळला. गिरणी मुंबईत होती, पण तिचा पगार दर महिन्याला मनीऑर्डरनं जावळी-पाटणच्या डोंगरात, संगमेश्वर-चिपळूणच्या वाड्यांत पोचायचा. घराची कौलं, बैलजोडी, बहिणीचं लग्न, धाकट्याची शाळा, सगळं त्या पैशावर. मुंबईला बसलेला धक्का दीडशे-तीनशे किलोमीटरवरच्या गावांनी सोसला, आणि तो कुठल्याही जिल्ह्याच्या तक्त्यात मुंबईच्या नावानं लिहिला गेला नाही. ओसरीवर बसून एक निवृत्त साचेवाले, म्हणजे गिरणीतले विणकर, सांगत होते, ‘गिरणी बंद झाली तवा गावात दुकानदारानं पयल्यांदा वही मिटली.’ साचाखात्यात उमेदीची वर्षं घालवलेल्या माणसाला चाळिशीनंतर दुसरं काम मिळालं ते पहारेकऱ्याचं, हमालीचं, भाजीच्या गाडीचं. त्याची मिळकत पुन्हा कधी जुन्या पातळीला गेली नाही. धक्का ओसरला तरी त्याची खूण आयुष्यभर राहते, हे मार्टिन यांनी अर्थशास्त्राच्या परिभाषेत मांडलंय. ओसरीवर ते साध्या शब्दांत ऐकायला मिळतं.

आणि खानावळवाल्या बाया. एकट्या राहणाऱ्या कामगारांना महिन्याच्या उधारीवर जेवण घालणाऱ्या या बायका गिरणगावाच्या अर्थव्यवस्थेचा कणा होत्या. गिरणी थांबली की त्यांची उधारी अडकायची, पण चूल थांबवता येत नसे. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं ते याच बायकांना सावकाराच्या तावडीतून सोडवून बँकेचं कर्ज मिळवून देण्यासाठी. कापड उद्योगावरच्या किती अभ्यासांत खानावळीचा हिशेब आहे? फारच थोड्या.

जमिनीचं सांगायलाच हवं. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या ५८ व्या नियमानुसार गिरण्यांच्या जमिनीचे तीन वाटे व्हायचे होते: एक महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. २००१ च्या दुरुस्तीनं ही वाटणी फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीपुरती उरली, गिरणीच्या इमारतींखालची जमीन तिच्यातून सुटली. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती दुरुस्ती कायम ठेवली. शहर कुणासाठी सावरलं, याचं उत्तर या एका नियमाच्या इतिहासात मिळतं. माझ्या मते तो अन्याय होता.

५. हातातलं कसब दुसऱ्या धंद्याला लागू पडतं का ते तपासा

इचलकरंजीपासून कोल्हापूर तासाभराच्या आत. दोन्ही उद्यमी, दोन्हीकडे छोटे मालक. पण धक्का बसल्यावर दोन्हीकडची गोष्ट वेगळी होते, आणि का होते हे समजून घेण्यात माझी बरीच वर्षं आनंदात गेली आहेत.

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातल्या कारखान्यांनी एके काळी ऑइल इंजिनं बनवली. नदीकाठचं आणि विहिरीचं पाणी शेतात चढवायला ती इंजिनं लागायची. मग खेड्यांत वीज पोचली, विजेचे पंप आले आणि इंजिनाची मागणी घटली. एवढ्या एका वस्तूवर उभं असलेलं गाव बसायला हवं होतं. ते बसलं नाही. कारण इंजिन बनवताना गावानं तीन गोष्टी शिकून घेतल्या होत्या: साचा करणं, ओतकाम आणि लेथवरचं काम. ज्या भट्टीत इंजिनाचा ब्लॉक ओतला जायचा, त्याच भट्टीत साखर कारखान्यांचे सुटे भाग ओतता आले, पुढे ट्रॅक्टर आणि मोटारींचे. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतींत आज ज्या फाउंड्र्या आहेत, त्यांची मुळं उद्यमनगरात सापडतात.

एका जुन्या कारखान्याच्या माळ्यावर मी गेले होते. लाकडी पॅटर्न रचून ठेवले होते, धुळीनं राखाडी झालेले. मालकांनी एक उचलून फडक्यानं पुसला आणि म्हणाले, ‘हे वडिलांच्या वेळच्या इंजिनाचं हेड.’ शेजारी दुसरा ठेवला, ट्रॅक्टरच्या कुठल्याशा हाउसिंगचा, म्हणजे बाहेरच्या कवचाचा. दोन्हींवर एकाच पॅटर्नमेकरच्या हातची खूण होती. धातू थंड होताना किती आक्रसेल, साच्यातून पॅटर्न सुटावा म्हणून कडेला किती उतार द्यावा, हा अंदाज वस्तू बदलली तरी बदलत नाही. तो अंदाज त्या हातात होता, आणि म्हणून गावात होता.

नेदरलँड्सच्या आकड्यांवर काम करून फ्रेन्केन, व्हॅन ऊर्ट आणि व्हर्बर्ग यांनी २००७ मध्ये असं दाखवलं की एकमेकांच्या जवळचे, एकमेकांचं ज्ञान वापरू शकणारे धंदे ज्या भागात असतात तिथे रोजगार अधिक वाढतो. आणि परस्परांशी संबंध नसलेले धंदे असतील तर एकावर संकट आलं तरी बेकारी आवरती राहते. कोल्हापूर हे पहिल्याचं उत्तम उदाहरण आहे. उलट साध्या मागावर कोरं सुती कापड विणणाऱ्याला बाजार पडल्यावर शेजारच्या धंद्यात जाता येत नाही. रॅपियर किंवा एअरजेटसारखा आधुनिक माग घ्यायचा तर भांडवल लागतं, आणि त्यावर माणसंही कमी लागतात. इचलकरंजीनं त्यावरही प्रयत्न केले, १९८२ मध्ये वस्त्रोद्योगाचं अभियांत्रिकी महाविद्यालय उभं केलं, आणि तिथून शिकलेली मुलं आज नवे माग चालवतात. पण खर्चीवाल्याच्या शेडपर्यंत हा बदल कर्जाशिवाय पोचत नाही. आणि त्याला कर्ज देताना बँक विचारते, तुमचा माल कुठला? त्याच्याकडे माल नसतो, मजुरी असते.

म्हणून धंद्यांची संख्या मोजून थांबू नका. कामगारानं आधी कुठे काम केलं, नंतर कुठे गेला, हे विचारा. शंभर माणसांच्या अशा हकिकती गोळा केल्या की गावातल्या धंद्यांचं आपसांतलं नातं नकाशासारखं समोर येतं.

६. सवलतीनं शेड येते

१९६४ पासून महाराष्ट्रात सामूहिक प्रोत्साहन योजना आहे. तालुक्यांना अ, ब, क, ड, ड+ असे वर्ग देऊन, मागास भागात जास्त सवलत. हेतू चांगला. पण सवलत संपली की शेडला कुलूप, असंही पुष्कळ ठिकाणी पाहिलं. उलट वाळूजला ऐंशीच्या दशकात बजाजचा दुचाकींचा कारखाना आला आणि पाठोपाठ सुटे भाग करणारे आले, त्यांना तयार हात मिळाले, ते टिकले. जालन्यात १९६४ मध्ये बद्रीनारायण बारवाले यांनी महिको सुरू केली, आणि बियाण्यांच्या धंद्यानं मूळ धरलं, कारण आजूबाजूच्या शेतकऱ्यांना बीजोत्पादनाचं तंत्र आलं. सवलत दिलीच तर ती कसब शिकवणाऱ्याला द्यावी, असं मी दर समितीपुढे सांगत आले आहे.

७. पाणी आणि आजार हेही अर्थशास्त्रच

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी न्यावं लागलं. त्या वेळी सगळं लक्ष गाडीकडे होतं. पण लातूरची अर्थव्यवस्था डाळींच्या बाजाराइतकीच बाहेरगावाहून शिकायला येणाऱ्या मुलांवर उभी आहे. वसतिगृह, मेस, पुस्तकांचं दुकान, अभ्यासिका, रिक्षा ही सगळी साखळी शेवटी टँकरला बांधलेली निघाली.

इचलकरंजीचंच पाहा. गावच्या कापड प्रक्रियेचं सांडपाणी पंचगंगेत, आणि २०१२ च्या उन्हाळ्यात गावात काविळीची मोठी साथ. मजुरीवर जगणाऱ्याला कावीळ झाली की महिनाभराची कमाई जाते, वर उधारी चढते. पुढे वारणेचं, मग दूधगंगेचं पाणी आणायचं ठरलं, तर काठावरच्या गावांनी विरोध केला. त्यांचं म्हणणं मला चुकीचं वाटत नाही: आपली नदी घाण करून आमच्या नदीकडे का येता? महापालिकेची हद्द नकाशावर जिथे संपते, त्याच्या कितीतरी पुढे शहराचं अर्थकारण जातं. २०१९ च्या महापुरात पुणे-बेंगळुरू महामार्ग काही दिवस बंद राहिला, तेव्हा पुराचं पाणी न शिरलेल्या कोल्हापूरच्या फाउंड्र्याही थांबल्या. तगीचा अभ्यास करणाऱ्यानं नदीखोरं हे एकक म्हणून घ्यायला शिकावं.

८. जुन्या पाहण्या जपा, आणि त्याच जागी परत जा

पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरल्ड मान यांनी १९१७ मध्ये एका गावाची पाहणी प्रसिद्ध केली. घर न् घर, शेत न् शेत, जमिनीचे तुकडे किती, कर्ज किती, मिळकत कुठून. गावातले लोक खडकीच्या दारूगोळा कारखान्यात कामाला जात, हेही त्यांनी टिपलं होतं. म्हणजे शेतीनं न भागणारं घर शहराच्या मजुरीवर चालतं, ही गोष्ट शंभर वर्षांपूर्वी आकड्यांत मांडलेली आहे. ते गाव होतं पिंपळे सौदागर. आज ते पिंपरी-चिंचवडमध्ये आहे, आणि तिथे उंच इमारतींत आयटीतली मंडळी राहतात. भागाचा विकास म्हणजे काय, हे त्या एका गावाच्या दोन टोकांइतकं मला कुठल्याच पाठ्यपुस्तकात सापडलं नाही.

धनंजयराव गाडगीळ गोखले संस्थेचे पहिले संचालक. त्यांनी पुणे शहराची सामाजिक-आर्थिक पाहणी केली, तिचा पहिला भाग १९४५ मध्ये आणि दुसरा १९५२ मध्ये निघाला. तेच गाडगीळ विठ्ठलराव विखे पाटलांबरोबर प्रवरेच्या सहकारी साखर कारखान्याच्या उभारणीत होते. पाहणी आणि उभारणी ही दोन वेगळी कामं आहेत असं त्या पिढीला वाटत नव्हतं.

तग हा काळाचा प्रश्न आहे. एकदाच काढलेल्या आकड्यांतून तो सुटत नाही. धक्क्याआधीची नोंद नसेल तर सावरलं किती हे कुणी सांगू शकणार नाही. म्हणून आपल्या प्रश्नावल्या, नकाशे, वह्या फेकू नका. पुढच्या कुणाला तरी त्याच गल्लीत, त्याच दारात परत जायचं असेल.

९. निष्कर्ष ज्यांचा आहे त्यांना मराठीत द्या

आमच्या विषयातलं बहुतेक लेखन इंग्रजीत, परदेशी नियतकालिकांत, पैसे भरल्याशिवाय न उघडणारं. इचलकरंजीवर लिहिलेला निबंध इचलकरंजीच्या खर्चीवाल्याला वाचता येत नाही. गावात जाऊन मी निष्कर्ष मराठीत मांडते तेव्हा प्रत्येक वेळी कुणीतरी उठून एखादी त्रुटी दाखवतं, एखादा दर दुरुस्त करतं, आणि अभ्यास पक्का होतो. खर्चीवाल्यांच्या एका बैठकीत एका तरुणानं माझ्या साखळीच्या आकृतीत सायझिंगवाल्याच्या उधारीचा बाण उलटा करायला सांगितला, आणि त्याचं म्हणणं तपासता ते त्या गल्लीपुरतं बरोबर निघालं.

हे वाचणारे विद्यार्थी, शिक्षक, तालुक्याच्या महाविद्यालयातले प्राध्यापक यांना माझी एक विनंती आहे. तुमच्या गावातली एक गल्ली निवडा, जिथे काही ना काही बनतं. माल कुणाचा, यंत्र कुणाचं, जागा कुणाची, उधारी कुणाची, हे प्रत्येक दारात विचारा. मालकालाही विचारा आणि कामगारालाही, वेगवेगळं. पाणी कुठून येतं आणि कुठे जातं ते लिहा. तारीख घाला. माणसांची नावं गाळून ती वही मराठीत गावच्या सार्वजनिक वाचनालयात ठेवा, आणि पाच वर्षांनी त्याच गल्लीत पुन्हा जा. महाराष्ट्रात तालुक्यांची संख्या साडेतीनशेच्या पुढे आहे. त्यातल्या निम्म्या तालुक्यांत जरी अशी एकेक वही तयार झाली, तरी पुढच्या महापुराच्या, दुष्काळाच्या किंवा मंदीच्या वेळी मदत कुठल्या दारात आधी पोचली पाहिजे, हे अंदाजानं ठरवावं लागणार नाही.